पाटे वाढवण्याआधी ब्रेककडे बघा

मागच्या कमानीत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, दोन पाटे (पट्ट्या) वाढवले की पिकअप पाचशे किलो जास्त ओढेल, असं बरेच जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसायची थांबते, इतकंच. एक्सल, बेअरिंग, चासी (गाडीचा सांगाडा), टायर सगळं होतं तेच राहतं.

आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपाशी भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. चासी खाली आली की भार वाढलाय हे त्याला कळतं आणि तो मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. कमान कडक केली की माल भरूनही गाडी बसत नाही, व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच! म्हणजे ऐन उतारावर मागचे ब्रेक कमी लागणार. पाटे बदललेच तर त्या व्हॉल्व्हला एक्सलशी जोडणारा दांडा नव्याने सेट करून घ्याच, कृपया.

एकूण वजन २५०० किलोवरून ३००० झालं तर त्याच वेगाला ब्रेकना २० टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, वाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११० म्हणजे १०६० किलो, तेही हवा पूर्ण असेल तरच.

नोंदणीतलं कमाल वजन मात्र यातल्या कशानेच वाढत नाही. रोजच पाचशे किलो जास्त न्यायचे असतील तर मोठी गाडीच घ्या.