मदत हवी आहे: हौशी गोल्फरांना शिकवणाऱ्या टीव्ही मालिकेसाठी भागांच्या कल्पना

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मराठीत गोल्फ शिकवणाऱ्या मालिकेचा प्रस्ताव तयार होतो आहे. १३ भाग, प्रत्येकी अर्धा तास, जाहिराती वगळता हातात साधारण २२ मिनिटं. प्रेक्षक म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून एकदा खेळणारा, १८ होलना शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त फटके घेणारा माणूस. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी ही मालिका नाही.

अडलंय ते असं: भाग क्लबनुसार, म्हणजे फटका मारायच्या काठीनुसार, पाडावेत (ड्रायव्हर, आयर्न, वेज, पटर) की आणखी कशानुसार? शिकाऊ खेळाडू सगळ्या भागांत एकच ठेवावा का? दोनच कॅमेरे आहेत, ते कुठे लावले तर स्विंग खरा दिसेल? आणि कोणते विषय पडद्यावर फसतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सात_नंबर

क्लबनुसार पाडू नका, चुकीनुसार पाडा. प्रेक्षकाला 'माझा ड्रायव्हर' असा प्रश्न पडत नाही. 'चेंडू उजवीकडे वळून झाडीत का जातो' हा पडतो. त्यामुळे भागाचं नाव, पहिला फटका आणि शेवटची तपासणी या तिन्ही ठिकाणी ती एकच चूक असू द्या.

अशा उजवीकडे वळणाऱ्या फटक्याला स्लाइस म्हणतात. त्या भागाचा आराखडा देतो, बाकीचे याच धर्तीवर बेतता येतील. (सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी.)

आधी निदान. ड्रायव्हरच्या तोंडावर पायाला मारायचा पावडरचा स्प्रे हलकासा फवारा आणि पाच फटके मारायला लावा. चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. ठसा टाचेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूला असेल तर तेवढ्यानेही चेंडू उजवीकडे वळतो. अशा माणसाची ग्रिप (पकड) बदलून उपयोग नाही, त्याला चेंडूपासूनचं अंतर आणि तोल शिकवावा लागतो. ठसा मधोमध असेल तर चेंडू कुठून निघाला ते बघा. चेंडू निघतो ती दिशा मुख्यतः क्लबचं तोंड ठरवतं आणि वळण ठरतं ते तोंड व स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. जुन्या शिकवणीत हे उलटं सांगितलं जायचं, अजूनही पुष्कळ जण तसंच सांगतात. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळला तर मार्ग बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून अंगाकडे, येतो आहे. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला तर तोंड फारच उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, आहे. दोन्हीला लोक स्लाइसच म्हणतात, पण उपाय वेगळे.

उघड्या तोंडासाठी आधी डावा हात. उभं राहून खाली पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसली पाहिजेत, अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच उजव्या खांद्याकडे हवी. एकच पेर दिसत असेल तर ग्रिप कमजोर. ती बदलली की पहिले काही फटके आधीपेक्षा वाईट जातात, कारण शरीर अजून जुन्या तोंडाची भरपाई करत असतं. हे फटके कापू नका! मालिकेत शिकाऊ लगेच सरळ मारतो आणि घरच्या माणसाला दोन दिवसांत जमत नाही, म्हणून तो नवी ग्रिप सोडून देतो. पडद्यावर सलग दहा फटके दाखवा, निवडलेले दोन नकोत.

तिपाई

कॅमेऱ्याबद्दल लिहितो. इथेच सर्वात जास्त खोटं दिसतं.

एक कॅमेरा खेळाडूच्या समोर, छातीच्या मध्याला काटकोनात. दुसरा मागे, लक्ष्याच्या रेषेला समांतर, हातांच्या उंचीवर. मागचा कॅमेरा चेंडूच्या रेषेत नको आणि पाठीमागेही नको, हात जिथे लोंबतात त्या रेषेत हवा. तो खेळाडूच्या टाचांच्या बाजूला सरकला तर चांगला स्विंगही बाहेरून आत येताना दिसतो. चेंडूच्या पलीकडे सरकला तर उलट, बाहेरून आत येणारा स्विंगसुद्धा आतून आल्यासारखा भासतो. थोड्याशा फरकानेही निदान चुकतं. म्हणून जमिनीवर दोन सरळ काठ्या टाका: एक चेंडूपासून लक्ष्याकडे, दुसरी तिला समांतर, हातांच्या खाली. दुसऱ्या काठीच्या रेषेतच तिपाई उभी करा आणि काठ्या चित्रात राहू द्या, म्हणजे प्रेक्षकालाही घरी मोबाइल कुठे ठेवायचा ते कळेल. भिंग वाइड नको, तीन-चार मीटर मागे जाऊन झूम करा. वाइडमध्ये कडेची दांडी वाकडी दिसते.

मोबाइलने चित्रण करणार असाल तर दांडी रबरासारखी वाकलेली दिसेल. ते सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून, दांडी खरंच तितकी वाकत नाही. निवेदकाने त्यावरून 'लॅग' (खाली येताना क्लबचं डोकं हातांच्या मागे राहणं) समजावू नये.

शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद जातात. हौशी खेळाडूचा ड्रायव्हर साधारण ४० मीटर प्रतिसेकंद वेगाने येतो असं धरलं तर तेवढ्यात तो सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटलेले असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. म्हणजे आघाताचा क्षण तुमच्या कॅमेऱ्यात बहुधा सापडणारच नाही. त्याच्या आधीची फ्रेम दाखवून 'बघा, तोंड उघडं आहे' म्हणणं चूक, कारण तोंड त्या वेळी अजून फिरत असतं. वर सांगितलेला पावडरचा ठसा आणि चेंडू निघण्याची दिशा हेच तुमचे खरे पुरावे.

चेंडू उडताना दिसायला हवा तर सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवा आणि मागे गडद झाडी येईल अशी टी (पहिल्या फटक्याची जागा) निवडा. पांढऱ्या ढगाळ आभाळावर चेंडू हरवतो. बंद जागेत संथ चित्रण टाळा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि २४० फ्रेममध्ये ती लुकलुक स्पष्ट दिसते.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार, प्रस्तावातला अर्धा भाग आता नव्याने लिहावा लागेल. मग ड्रायव्हिंग रेंजवरच, म्हणजे सरावाच्या मैदानावरच, सगळं चित्रण केलं तर? कोर्सवर जागा मिळवणं अवघड आहे.

सात_नंबर

रेंजवर स्लाइसचा भाग होईल, आयर्नचा होणार नाही. चटईवर क्लब चेंडूच्या मागे चार-पाच सेंटिमीटर टेकला तरी घसरून चेंडूपर्यंत पोचतो, आवाजही बरा येतो आणि चेंडू उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुतून पंधरा पावलांवर थांबेल. 'रेंजवर छान, कोर्सवर सत्यानाश' याचं मोठं कारण हेच, आणि त्यावर आख्खा एक भाग करा. गवतावर पांढऱ्या चुन्याची रेषा मारा, चेंडू न ठेवता सात नंबरने पाच स्विंग घ्यायला लावा. गवत रेषेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला निघालं पाहिजे. मागे निघत असेल तर वजन उजव्या पायावरच राहिलंय. वरून घेतलेल्या एका चित्रात प्रेक्षकाला सगळं समजतं, निवेदनाची गरजच पडत नाही.

बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचा, भागही रेषेवरच बेता. वाळूत रेषा ओढा, आधी चेंडूशिवाय रेषेवर वाळू उडवायला शिकवा, मग रेषेच्या पुढे सुमारे पाच सेंटिमीटरवर चेंडू ठेवा. सँड वेजचं तोंड आधी उघडायचं आणि *नंतर* पकडायचं. पकडून मनगट वळवलं तर आघाताला तोंड पुन्हा बंद होतं, आणि ही चूक फार जणांकडून होते. पावसाळ्यात वाळू ओली, घट्ट असते. तिथे तोंड फार उघडलं की क्लबचा तळ वाळूवरून उसळतो आणि चेंडू ग्रीनपार (होलभोवतीच्या आखूड गवताच्या पलीकडे) जातो, म्हणून तोंड कमी उघडायचं. हा फरक परदेशी कार्यक्रमांत क्वचित येतो, आपल्या मालिकेत आलाच पाहिजे.

ग्रीनकाठी

पटिंगचा भाग थंडीत, पहाटे चित्रित करा. ग्रीनवर दव असेल तर चेंडू गेलेल्या वाटेची रेघ उमटते. एकाच जागेवरून हळू, मध्यम आणि जोरात असे तीन पट (पटरने मारलेले फटके) मारा. तिन्ही रेघा शेजारी दिसतात आणि वेग कमी झाला की उताराचं वळण वाढतं हे न बोलता समजतं. उंचावरून, कमी कोनात येणाऱ्या उन्हाच्या विरुद्ध दिशेने घ्या. मात्र माळी दव झाडण्याआधी, आणि गोल्फ क्लबच्या परवानगीने. ओल्या ग्रीनवर चेंडू हळू चालतो, हेही सांगा, नाहीतर प्रेक्षक दुपारच्या ग्रीनवर तोच जोर लावेल.

आपल्याकडे बर्म्युडा गवताच्या ग्रीन पुष्कळ. त्याची पाती एका दिशेला कललेली असतात. कॅडी त्यालाच 'ग्रेन' म्हणतात. तुमच्या बाजूने गवत चकाकत असेल तर पाती तुमच्यापासून दूर कललेली, चेंडू जास्त धावेल. गडद दिसलं तर विरुद्ध, जोर लागेल. होलच्या कडा बघा: ज्या बाजूची कड झिजलेली, विस्कटलेली दिसते त्या बाजूला पाती झुकलेली असतात. यासाठी निवेदकाऐवजी कोर्सवरच्या अनुभवी कॅडीलाच बोलू द्या, मानधन देऊन आणि श्रेयनामावलीत नाव घालून. ग्रीन वाचण्याचं त्यांचं ज्ञान मोठं आहे आणि पडद्यावर त्याला जागा मिळत नाही, याची खंत वाटते.

मार्कर

शिकाऊ एकच ठेवावा का, याबद्दल. २००९ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ चॅनेलवर गोल्फ प्रशिक्षक हँक हेनी यांनी बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली यांना शिकवण्याची मालिका केली. बार्कली यांचा स्विंग खाली येताना मध्येच अडखळायचा. बघायला ते विलक्षण होतं, पण तशी अडचण घरी बसलेल्या फार थोड्यांना असते. एकच माणूस घेतला की कथा मिळते, पण शिकवण त्या माणसापुरती राहते. त्याहून मागे गेलात तर १९३१ मध्ये नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्सने वॉर्नर ब्रदर्ससाठी १२ छोटे शिकवणपट केले. त्यांत हॉलिवूडचे नट होते, पण प्रत्येक शिकवणपटाला स्वतःचा विषय होता. तो साचा मला जास्त पटतो.

मी तीन जण घेईन. हँडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) साधारण ३६, २४ आणि १४, त्यात एक बाई आणि एक साठीपुढचे गृहस्थ हवेतच. स्विंगचा वेग कमी असणाऱ्यांना 'जोरात मारा' या सल्ल्याचा काहीच उपयोग नसतो. तिघांची तीच चूक तीन कारणांनी होते, हे एका भागात दिसलं तर प्रेक्षक स्वतःला त्यांपैकी एकात ओळखतो.

एक भाग निव्वळ क्लब निवडण्यावर ठेवा. सात नंबरने दहा चेंडू गवतावरून मारा, सर्वात लांबचे दोन आणि सर्वात आखूड दोन वगळा, उरलेल्या सहांची हवेतली सरासरी काढा. चेंडू चांगले वापरा, रेंजचे झिजलेले चेंडू कमी जातात. बहुतेकांना आपला आयुष्यातला सर्वोत्तम फटका हेच आपलं अंतर वाटतं, म्हणून ग्रीनसमोरच्या बंकरमध्ये इतके चेंडू पडतात. मग त्याच खेळाडूला तीन होल दोनदा खेळवा, एकदा झेंड्याकडे रोखून आणि एकदा ग्रीनच्या मध्यावर एक क्लब जास्त घेऊन. स्कोअरकार्ड पडद्यावर ठेवा. निकाल उलटा लागला तरी तसाच दाखवा.

नियमांना वेगळा भाग नको, दर भागात दीड मिनिट पुरे. २०१९ पासून चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा, शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटं, पट मारताना झेंडा होलमध्ये ठेवला तरी दंड नाही. पावसाळ्यात सर्वांत कामाचा नियम रुतलेल्या चेंडूचा: फेअरवे (आखूड कापलेलं गवत) असो की रफ (वाढलेलं गवत), स्वतःच्याच खळग्यात रुतलेला असेल तर दंडाशिवाय सुटका मिळते, बंकरमध्ये मात्र नाही. कित्येक जण हे माहीत नसल्याने चिखलातून फटका मारत बसतात.

पाटीपेन्सिल

काही फसणारे विषय असतील तर तेही सांगा. 'मनाची एकाग्रता' असा एक भाग योजला आहे.

तिपाई

तो फसेल. पडद्यावर दाखवायला काहीच नसतं, मग माणूस खुर्चीत बसून बोलतो. त्याऐवजी फटक्याआधीचा क्रम दाखवा: मागून रेषा बघणं, चेंडूपुढे हातभरावर एखादं पान किंवा डाग निवडणं, तोंड त्याच्याकडे लावणं, मग पाय. घड्याळ कोपऱ्यात ठेवा, नियमांची शिफारस फटका ४० सेकंदांत मारावा अशी आहे. विषय तोच राहतो आणि दिसतोही.

सात_नंबर

व्यावसायिक खेळाडूच्या स्विंगशी तुलना करणारं दुभंगलेलं चित्रही टाळा. त्याची कंबर आघाताला किती वळलेली असते ते बघून पंचावन्न वर्षांचा माणूस पाठ दुखवून घेईल. तुलना करायचीच तर त्याच शिकाऊच्या चार आठवड्यांपूर्वीच्या फटक्याशी करा. त्यासाठी पहिल्या दिवशीच कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि झूम वहीत लिहून ठेवा आणि तिपाईच्या पायांच्या जागी खुंट्या मारा. नाहीतर चार आठवड्यांनी दिसणारा फरक स्विंगचा की कॅमेऱ्याचा, हे सांगता येणार नाही.