मदत हवी आहे: पाण्याच्या धारेवर वाजणारं जलतरंग दिवसा आपोआप वाजतंय

खाडीकाठ:
राम राम मंडळी. गाव देवगडकडचं. यंदा घरच्या गणपतीला चलचित्र वगैरे नको, काहीतरी वाजतं करू असं भावंडांत ठरलं. पडवीत ओळीने सात चिनी मातीचे वाडगे, प्रत्येकाच्या पुढ्यात वरून पडणारी एक बारीक धार. धारेत बोट घातलं की तो वाडगा वाजला पाहिजे. स्पीकर नाही, खरी काडी खऱ्या वाडग्यावर. मोबाईलमधलं जलतरंग ऐकायला आमच्या पडवीत कोण कशाला येईल?

रचना अशी: वर बादली, तिला सात नळ्या. नळीच्या तोंडामागे हिरवा एलईडी. धारेत शिरलेला उजेड बाहेर न पडता पाण्याच्या कडांवर आतल्या आत आपटत खाली येतो. कोलाडॉन नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे लिहून ठेवलंय, ऑप्टिकल फायबर याच तत्त्वावर चालते. खाली सिलिकॉनमध्ये बसवलेला एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. बोट आडवं आलं की उजेड तुटतो, आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला कळतं, यूएलएन२००३ या चिपमधून १२ व्होल्टचा सोलेनॉइड (वीज मिळाली की दांडा ओढणारं चुंबक) हलतो आणि बांबूची काडी पडते. लेझर मुद्दाम घेतला नाही, पोरं वाकून वाकून बघणार. खालच्या टबातलं पाणी कूलरच्या पंपाने परत बादलीत जातं.

रात्री दिवे मालवले की झकास. काळोखात हिरव्या धारा, बोट लावलं की टण्ण! आजी स्वतः येऊन सा-रे-ग वाजवून गेली. दिवसा मात्र दारातून कोणी आत आलं की सावलीनेच तीन-चार सूर एकदम वाजतात. ट्यूब लावली की एलडीआरचे आकडे थरथरतात. त्यात कधीकधी 'ग' वाजवला की मागोमाग 'प' पण वाजतो, तिथे कोणाचं बोट नसताना.

आणि सुराचं दुखणं वेगळंच. वाडगे भजनी बुवांच्या पेटीशी जुळवले होते. धारांचे तुषार उडून वाडग्यात पडतात, पाणी चढतं, सूर उतरतो. पेटी काही उतरत नाही. बुवा आरतीला बसले की तोंड वाकडं करतात.

एलडीआर काढून रिमोटमधला आयआर (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड) लावू का? काय करू सांगा, चतुर्थी तोंडावर आलीय.

सोल्डरगन:
आयआर नको. पाणी आयआर पिऊन टाकतं, ९४० नॅनोमीटरचा उजेड फूटभर धारेतून जवळपास काहीच उरत नाही. हिरवाच ठेव.

एलडीआर बदल. तो सुस्त असतो, आणि पडवीतल्या उजेडात आधीच भरलेला असतो. त्यात धारेचा उजेड आला काय, गेला काय. फोटोट्रान्झिस्टर घे, म्हणजे उजेडाला झटपट दाद देणारा सेन्सर, तो काळ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात तळाशी बसव, वरून फक्त धार दिसेल असा. मग एलईडी सतत लावू नकोस. एक मिलिसेकंद चालू, एक बंद. चालू असतानाच्या आकड्यातून बंद असतानाचा आकडा वजा कर. ऊन, सावली, पाहुणे सगळे वजाबाकीत जातात. अशा दहा जोड्यांची सरासरी काढ, म्हणजे २० मिलिसेकंद झाले. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ती त्यात पुसली जाते. नॅनोला एक पिन वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, सात पिना एका मिलिसेकंदात आरामात होतात. बरं झालं आर्डुइनोचाच उनो बोर्ड घेतला नाहीस, त्याला अ‍ॅनालॉग पिना सहाच.

'ग' मागे 'प' म्हणजे सोलेनॉइड बंद होताना वायरीत बसणारा विजेचा उलटा झटका. तो झटका जिरवणारी यूएलएनची ९ नंबरची पिन १२ व्होल्टला जोडलीयस का? बहुतेक लोक ती मोकळी सोडतात. सोलेनॉइड आणि नॅनोची ग्राउंडची वायर बॅटरीपर्यंत वेगवेगळी ने.

धार किती लांब आहे? वीतभर उतरेपर्यंत ती काचेच्या कांडीसारखी राहते, पुढे तुटून थेंब होतात आणि उजेड बाहेर सांडतो. नळीत स्ट्रॉचे तुकडे गच्च भर, धार शांत होईल. तुषारही कमी होतील, बुवा खूश.

बंदरावरचो:
अरे बाबा, तो कूलरचो पंप पयलो काढून टाक! २३० व्होल्ट पाण्यात आणि पोरां त्याच पाण्यात हात घालतली?

सोल्डरगन:
हे मी आधी लिहायला हवं होतं. १२ व्होल्टचा डीसी पंप आणि यूपीएसमधली बॅटरी. घरातल्या लाईनीशी काही संबंधच ठेवू नकोस. गणपतीत लाईट जाते तेव्हाही वाजत राहील.

माडबन:
एवढा खटाटोप कशाला? क्रोएशियात झादरला २००५ पासून समुद्रच ऑर्गन वाजवतो. पायऱ्यांखाली नळ्या, लाटेने हवा दाबली की सूर. जेट्टीवर करा की.

सोल्डरगन:
तिथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम, आपल्याकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास. नळ्या अर्धा दिवस बुडालेल्या, अर्धा दिवस कोरड्या. आणि तिथे माणूस बसून फक्त ऐकतो. याच्या पडवीत पोरांना वाजवायचंय. त्याच्या जवळचं उदाहरण म्हणजे कॅनडातल्या स्टीव्ह मान यांचा हायड्रॉलोफोन, पाण्याच्या फवाऱ्याचं भोक बोटाने दाबलं की सूर निघतो.

खाडीकाठ:
पंप आत्ताच काढला. ९ नंबरची पिन मोकळीच होती, जोडली आणि 'प' गप्प झाला. धार दीड वीत होती, बादली खाली घेतली. वाडग्यांपुढे काचेची पट्टी उभी करतोय, तुषार अडतील. आता एकच: फोटोट्रान्झिस्टर कणकवलीत मिळेल, की मुंबईहून येणाऱ्या चुलतभावाला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगू?

सोल्डरगन:
भावाला सांग. सात लागतात तर दहा आणायला सांग, दोन-तीन पाण्यात जातीलच.