ट्रान्सफॉर्मेशनला कॉलन्या येईनात, चुकतंय कुठं?

राजारामपुरी_लॅब:
राम राम मंडळी. कोल्हापुरात एमएस्सीचं प्रॅक्टिकल चालू आहे. बॅक्टेरियात बाहेरचा डीएनए घालायचाय (ट्रान्सफॉर्मेशन): डीएच५-अल्फा (ई. कोलायची लॅबमधली जात), १० नॅनोग्रॅम पीयूसी१९ (प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं; यानं पेशी अँपिसिलिनमध्ये टिकते), ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराईड. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.८ ला कल्चर उतरवलं, कूलिंग नसलेल्या सेंट्रिफ्यूजवर फिरवलं, ४२ अंशांना ९० सेकंद हीट शॉक दिला. १ मिलिपैकी १०० मायक्रोलिटर पसरवले, अँपिसिलिनच्या प्लेटवर जेमतेम ४ कॉलन्या. हीट शॉक वाढवू, की इलेक्ट्रोपोरेटर (विजेच्या झटक्यानं डीएनए आत घालणारं यंत्र) मागवायला सांगू?

पंचगंगाकाठ:
हीट शॉक वाढवू नका, घोटाळा त्याआधीचा आहे. ०.८ ला कल्चर जून झालेलं असतं. ०.३५ ते ०.४ ला थेट बर्फात घाला.

सेंट्रिफ्यूज साधं चालेल, पण रोटर आणि नळ्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि ५ मिनिटांत उरका. पेलेटला (तळाशी बसलेल्या पेशींना) व्होर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) दाखवूच नका, बर्फातच हलक्या हातानं मोकळा करा. ५० मिलि कल्चरचा पेलेट शेवटी २ मिलि थंडगार कॅल्शियममध्ये. रात्रभर ४ अंशांवर ठेवलात तर आणखी बरं: १२ ते २४ तासांत डीएनए आत घेण्याची क्षमता चार-सहा पट वाढते, मग उतरू लागते.

लादीचा बर्फ असेल तर फोडून थोडं पाणी घाला. नुसत्या खड्यांत नळीभोवती हवाच जास्त राहते.

१०० मायक्रोलिटर पेशींत डीएनए ५ मायक्रोलिटरपर्यंतच. ३० मिनिटं बर्फात, ४२ ला ४५ सेकंद (९० जाड, मोठ्या नळीसाठी), परत २ मिनिटं बर्फात. मग ९०० मायक्रोलिटर एलबी (पोषक द्रव) घालून ३७ ला तासभर हलवत ठेवा. हा तास कापू नका. तेवढ्यात पेशी बीटा-लॅक्टमेज (अँपिसिलिन मोडणारं एन्झाइम) बनवते, नाहीतर अँपिसिलिन तिला आधीच मारतं.

बर्फपेटी:
वॉटर बाथच्या डायलवर विसंबू नका भावा, थर्मामीटर नळीतल्या पाण्यात बुडवून बघा.

इलेक्ट्रोपोरेटर पीयूसी१९साठी कशाला? त्याला पेशी १० टक्के ग्लिसरॉलनं धुऊन मीठ पार काढावं लागतं. कॅल्शियमच्या पेशी तशाच घातल्या तर १.८ किलोव्होल्टला क्युव्हेटमध्ये ठिणगी उडते आणि सगळं संपतं.

प्लेटवर १ नॅनोग्रॅम डीएनए गेला, ४ कॉलन्या आल्या, म्हणजे मायक्रोग्रॅम डीएनएला ४००० कॉलन्या. या पद्धतीनं लाख ते दहा लाख यायला हरकत नाही. आणि डीएनए न घातलेल्या पेशींच्या दोन प्लेट ठेवल्या का, एक अँपिसिलिनची, एक साधी? साधीवरही दाट वाढ नसेल तर पेशी आधीच मेल्यात.

राजारामपुरी_लॅब:
साधी प्लेट नव्हती ठेवली. ठेवतो. अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि बरोबर ना?

पंचगंगाकाठ:
बरोबर. अगार ५० अंशांपर्यंत निवल्यावरच घाला. आणि प्लेट १६ ते १८ तासांत बाहेर काढा, नाहीतर मोठ्या कॉलनीभोवती बारक्या सॅटेलाइट कॉलन्या उगवतात. त्यांत प्लास्मिड नसतो, उचलू नका.