'निरागस' कुणाला म्हणायचं?

पेन्सिल
एक शब्द अडलाय. आमच्या वाचनगटात या महिन्यात 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' आहे (२००६ ची कादंबरी, सिनेमा नंतर आला) आणि मला त्यावर दोन पानी टिपण मराठीत करायचंय. छळछावणीच्या कमांडंटचा नऊ वर्षांचा मुलगा, ब्रूनो, त्याला कुंपणापलीकडचं काही कळत नाही, कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे त्याला पायजमे वाटतात. मी सरळ लिहिलं, 'ब्रूनोचा निरागसपणा आणि मोठ्यांचे पूर्वग्रह'. गटात एक सर आहेत, संस्कृत शिकवायचे, ते म्हणाले शब्द चुकला, निरागस म्हणजे निरपराध. मला तर निरागस म्हटलं की टपोरे डोळेच आठवतात. काय लिहू? शुक्रवारी द्यायचंय.

वाळवण
सोपं आहे की, राग नसलेला तो निरागस. आमच्या बाई असंच सांगायच्या, लहान पोरांना रागलोभ नसतो म्हणून.

तिरकस
बाईंना नमस्कार, पण मग शब्द 'निराग' झाला असता, शेवटचा स काय पाहुणा आलाय? निर् अधिक आगस्. आगस् म्हणजे अपराध. ऋग्वेदात वरुणाला म्हटलंय 'अनागसो अदितये स्याम', अदितीपुढे आम्ही निर्दोष ठरू दे. म्हणजे शब्द मुळात चावडीवरचा आहे, पाळण्यातला नंतर झाला. सर बरोबर आहेत.

सदाफुली
मूळ काहीही असो, आज त्या अर्थाने वापरतं कोण? 'निरागस आरोपीची सुटका' अशी बातमी वाचलीत कधी? सुटतो तो निर्दोष, बॉम्बस्फोटात जातात ते निष्पाप, पोलिसांनी उगाच उचललेला तो निरपराध. निरागस फक्त हसू असतं नाहीतर डोळे. लोक वापरतात तोच अर्थ.

तिरकस
लोक वापरतात म्हणून तर 'अपरोक्ष'चं काय झालं ते बघतोय आपण. डोळ्यांसमोरच्या गोष्टीचा शब्द, आता पाठीमागच्या गोष्टीला लावतात.

मधलीसुट्टी
मी इतिहास शिकवला, संस्कृत नाही, पण तिरकसरावांचं मूळ इथे कामाचं आहे. सप्टेंबर १९४१ च्या हुकमाने जर्मनीत सहा वर्षांपासून पुढच्या प्रत्येक ज्यूला कपड्यावर पिवळी चांदणी लावायची सक्ती झाली, सहा वर्षं म्हणजे आपल्याकडचं पहिलीतलं पोर, त्याचा आगस् काय तर जन्माला आलं. एकट्या ऑशविट्झच्या छळछावणीत नेलेली मुलं आणि किशोर मिळून सुमारे २,३२,००० होती, त्यातली २,१६,००० ज्यू, आणि लहानग्यांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरल्यावर लगेचच गॅसमध्ये नेलं. निरागस द्यायचा तर कुंपणाच्या आतल्या श्मुएलला द्या, ब्रूनोच्या त्या ज्यू मित्राला. ब्रूनो फार तर 'अजाण'. आणि खरं विचाराल तर तोही पटत नाही. दहाव्या वर्षी मुलगे युंगफोल्कमध्ये, म्हणजे नाझींच्या मुलांच्या संघटनेत, जायचे, कायदा १९३६ चा, १९३९ पासून तर सक्तीच, शाळेत वर्ग 'हाइल हिटलर'ने सुरू व्हायचा, आणि बर्लिनमध्ये वाढलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या पोराला ज्यू म्हणजे काय ते नवव्या वर्षी माहीत नाही? जानेवारी २०२० मध्ये खुद्द ऑशविट्झच्या स्मारकाने ट्विट केलं होतं की होलोकॉस्टचा, म्हणजे ज्यूंच्या संहाराचा, इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं.

पेन्सिल
काका, कादंबरी बदलणं माझ्या हातात नाही हो, गटाने निवडलीय. 'अजाण' बरा आहे, पण त्याने पोरगा जरा मठ्ठ वाटतो. बरं आणखी एक, तो फ्यूररला 'फ्युरी' म्हणतो आणि ऑशविट्झला 'आउट-विथ'. टिपणात उदाहरण द्यायचंय, मराठीत कसं आणू?

वाळवण
फ्यूररचं 'फुर्र' करा! चिमणी फुर्र.

सदाफुली
वा. म्हणजे हिटलर चिमणी.

तिरकस
मी दहावीपर्यंत आरतीत 'फळीवर वंदना' म्हणत होतो. फणिवर कोण आणि त्याचं बंधन कसलं, काय माहीत, फळी मात्र माहीत होती, स्वयंपाकघरातली, तिच्यावर लाडवांचा डबा असायचा, तिला वंदन करण्यात मला काही वावगं वाटलं नाही. कान अनोळखी शब्दाचा ओळखीचा शब्द करतो. इथे उलटंच आहे. फ्यूरर हा जर्मन पोराच्या रोजच्या भाषेतला शब्द, अर्थ नेता. मराठी पोर 'पुढारी'चं दुसरं काही ऐकेल का? आणि 'आउट-विथ' ऐकू यायला आधी इंग्रजी यायला हवं. ब्रूनोचा कान इंग्लंडमधला आहे, त्यामुळे पेन्सिलताई, भाषांतर करू नका, आहे तसं देवनागरीत ठेवा आणि कंसात सांगा.

किहीम
आमच्या आजीला ज्यू हा शब्द ठाऊकच नव्हता. बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, तिच्यासाठी शनवार तेली, शनवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांच्यातली एक तिची मैत्रीण होती, इस्रायलला गेली. टीव्हीवर छावणीतल्या पोरांचे फोटो दाखवले तेव्हा आजी एवढंच म्हणाली, 'अश्राप पोरं गं ती'. तुमच्या चर्चेत हा शब्द अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिलं.

तिरकस
अश्राप! उत्तम. निरागस आणि निरपराध दोन्ही एकात.

वाळवण
ज्याला कुणी शाप दिलेला नाही तो अश्राप. बरोबर ना?

तिरकस
तुमच्या बाईंना विचारा.

पायरी
निरागसवरच सगळे बसलेत, दुसऱ्या अर्ध्याचं काय? 'पूर्वग्रह' वाचलं की मला शनी-मंगळ आठवतात. आपला साधा शब्द आहे, अढी. मनात अढी बसते. आंब्याची अढी तीच, माझ्या मते. आमच्या माळ्यावर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. सात-आठ वर्षांचा असेन, रोज आत हात घालून चाचपायचो, आतून ऊब लागायची, आजोबा खालून ओरडायचे अढी विस्कटू नको. द्वेष असाच झाकून, ऊब देऊन पिकवतात. नाझी काळातलं पोरांचं चित्रमय पुस्तक आहे, 'डेअर गिफ्टपिल्झ', १९३८ चं, म्हणजे विषारी अळंबी. त्यात फ्रान्झ नावाचा मुलगा आईबरोबर जंगलात अळंबी गोळा करतोय आणि आई अगदी प्रेमाने समजावते की जशी चांगली अळंबी आणि विषारी अळंबी, तशीच माणसं, आणि विषारी कोण ते पोरगा पटकन ओळखतो, आई खूश. ते छापणाऱ्या श्ट्रायशरला न्युरेम्बर्गच्या खटल्यानंतर १९४६ मध्ये फाशी झाली. फ्रान्झ निरागस की अजाण की काय, ते मला नाही सांगता येणार.

सदाफुली
तेच म्हणतेय मी. 'जोजो रॅबिट' सिनेमा बघा, नाझी जर्मनीतला दहा वर्षांचा पोरगा, ज्यूंना शिंगं असतात इथपर्यंत सगळं पाठ, काल्पनिक मित्र म्हणून हिटलर. अजाण म्हणता येत नाही, पूर्वग्रह पोटभर आहेत, आणि तरी निरागस वाटतो तो वाटतोच. आता लावा तुमचं आगस्.

मधलीसुट्टी
वाटतो, कारण सिनेमा त्याच्या बाजूने कॅमेरा धरतो. शिंगं आहेत का म्हणून ज्या ज्यू मुलीला तो विचारतो तिच्या बाजूने बघा आणि मग शब्द निवडा.

सदाफुली
दहा वर्षांचा आहे हो तो!

मधलीसुट्टी
आणि ती?

पेन्सिल
तूर्त 'ब्रूनोचा अजाणपणा' केलंय, श्मुएलसाठी अश्राप ठेवलाय, आणि पूर्वग्रहाच्या जागी अढी लिहू का? सर हसतील का? कुणीतरी एक काहीतरी नक्की सांगा.

बोरीबाभळी
पायरी, तुमची व्युत्पत्ती आमच्या मराठवाड्यात चालायची नाही. आमच्याकडे आंबे माचात पिकवतात, अढी कुणी म्हणत नाही. मनात मात्र अढीच बसते.

पायरी
मग तुमच्याकडे तो शब्द आला कुठून? कोकणातूनच आला असणार.

बोरीबाभळी
आंबे न घेता नुसता शब्द आला?