न्यू जर्सी: घर झोन एक्समधून एईमध्ये जातंय, इन्शुरन्सचं काय करायचं?

ओढ्याकाठी

मंडळी, जरा मदत हवी आहे. सेंट्रल जर्सीत आमचं घर आहे, मागे झाडी आणि झाडीपलीकडे ओढा, तो पुढे रॅरिटन नदीला मिळतो. घर घेतलं तेव्हा झोन एक्स (कमी किंवा मध्यम पूरधोक्याचा) होता त्यामुळे बँकेने फ्लड इन्शुरन्सचं नावही काढलं नाही. आता टाउनशिपचं पत्र आलंय की फेमाचे (फेडरल सरकारची आपत्ती-व्यवस्थापन संस्था) नवीन प्रिलिमिनरी, म्हणजे अजून कच्चे, नकाशे आलेत आणि आमची प्रॉपर्टी एईमध्ये, म्हणजे जास्त पूरधोक्याच्या झोनमध्ये, दाखवली आहे. नकाशा उघडून बघितला तर निळा पट्टा मागच्या डेकपर्यंत येतोय, घराचा कोपरा त्यात आहे की बाहेर ते कितीही झूम केलं तरी कळत नाही.

२०२१ मध्ये आयडा वादळ आलं तेव्हा मॅनव्हिल गावाची काय अवस्था झाली ती सगळ्यांनी बघितली आहे, आमच्याकडे पाणी झाडीपर्यंत येऊन थांबलं, त्यामुळे धोका नाहीच असं मी म्हणत नाहीये. पण एजंट म्हणतो आत्ताच पॉलिसी घ्या, शेजारी म्हणतो नकाशा फायनल होईपर्यंत थांबा, बँकेच्या हेल्पलाइनवर कोणालाच काही सांगता येत नाही. होमओनर्स पॉलिसी आहे ती पुराला चालतच नाही का? बेसमेंट फिनिश केलेलं आहे, आई-बाबा भारतातून आले की तिथेच राहतात. आणि दोन-तीन वर्षांत घर विकायचं डोक्यात आहे, तर झोन बदलला म्हणून भाव पडेल का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

मीरा_एडिसन

मी मॉर्गेज सर्व्हिसिंगमध्ये काम करते, रोज हेच बघते म्हणून लिहिते. आधी तुमचा सरळ प्रश्न: नाही, होमओनर्स पॉलिसी पुराला चालत नाही. पाइप फुटला तर चालेल, बाहेरचं पाणी जमिनीवरून घरात शिरलं तर नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, एनएफआयपीची म्हणजे १९६८ पासून चालू असलेली सरकारी योजना, किंवा प्रायव्हेट कंपनीची.

आता दोन गोष्टी एकमेकांत मिसळू नका. झोनवरून फक्त सक्ती ठरते. घर ए किंवा व्हीने सुरू होणाऱ्या झोनमध्ये असेल आणि कर्ज फेडरल नियमाखालच्या बँकेचं असेल तर फ्लड पॉलिसी घ्यावीच लागते. पण प्रीमियम आता झोनवरून ठरत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल २०२२ पासून जुन्या पॉलिसींच्या रिन्यूअलला रिस्क रेटिंग २.० लागू झालंय, त्यात घर पाण्यापासून किती लांब, जमीन किती उंच, फाउंडेशन कुठलं, घर परत बांधायला किती खर्च येईल हे बघतात. त्यामुळे एकाच गल्लीत एईमधल्या घराला कमी आणि एक्समधल्या घराला जास्त प्रीमियम असंही होतं. "एई झालं म्हणजे हजारो डॉलर" हे ऐकून घाबरू नका, आधी कोट (प्रीमियमचा अंदाज) काढा.

प्रिलिमिनरी नकाशावर बँक सक्ती करत नाही. नकाशा इफेक्टिव्ह झाला आणि बँकेच्या तपासणीत घर आत निघालं की पत्र येतं, त्यानंतर ४५ दिवस मिळतात. तेवढ्यात पॉलिसी दाखवली नाही तर बँक स्वतः घेऊन खर्च तुमच्या एस्क्रोवर (हप्त्यासोबत टॅक्स-इन्शुरन्सचे पैसे जमा होतात ते खातं) टाकते आणि ती जवळजवळ नेहमी महाग असते, शिवाय ती आधी बँकेचं हित बघते, तुमच्या सामानाला बहुतेक वेळा काहीच नसतं. लोक ते पत्र जाहिरात समजून फेकून देतात, प्लीज तसं करू नका.

अजून एक, नव्याने एईमध्ये आलेल्या घरांना एनएफआयपीत सुरुवातीला सवलत मिळते, पण नकाशा लागू झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पॉलिसी घेतली तरच. नंतर ती सवलत कमी होत जाते आणि प्रीमियम वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्क्यांनी वाढतो. आत्ताचा कोट आणि नकाशा लागू झाल्यानंतरचा कोट, दोन्ही एजंटकडून लेखी मागा. आणि नेहमीच्या पॉलिसीला ३० दिवसांचं वेटिंग असतं, वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

सर्व्हेवाला

मीराताईंनी सक्तीचं नीट सांगितलंय, मी मोजमापाचं सांगतो, सिव्हिलमधला आहे.

तुमचा मुद्दा "घराचा कोपरा आत की बाहेर" हाच आहे. सक्ती इमारतीवर लागते, प्लॉटवर नाही. मागचं अंगण आख्खं एईमध्ये असलं आणि घर बाहेर असलं तर बँकेला नियमाने पॉलिसी मागावी लागत नाही, तरी ती आपल्या मर्जीने मागू शकते. नकाशावर घर स्पष्ट बाहेर दिसत असेल तर डीड किंवा प्लॅटची (जागेच्या नोंदणीकृत नकाशाची) कॉपी जोडून फेमाकडून तसं पत्र मिळतं, सर्व्हेची गरज नाही. तुमच्यासारखं रेषेवरचं असेल तर लायसन्स असलेला सर्व्हेअर लावा आणि एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर-जमिनीच्या उंचीच्या मोजणीचा दाखला) करून घ्या.

त्यात खरा आकडा असतो घराला टेकलेल्या सगळ्यात खालच्या जमिनीचा. लोकांना वाटतं पुढच्या दाराची उंची बघतात, तसं नाही. घराला जोडलेल्या डेकचा खांब जिथे मातीत उतरतो तो बिंदूही धरतात, जिन्याची शेवटची पायरी धरतात. तुमच्या घराला उतार मागे ओढ्याकडे असणार, म्हणजे डेकचा लांबचा खांब हाच सगळ्यात खालचा बिंदू निघायची शक्यता दाट. तो बिंदू नकाशावरच्या पूर-उंचीएवढा किंवा वर असेल तर लोमाचा, म्हणजे घर पूरक्षेत्राबाहेर आहे असं सांगणाऱ्या फेमाच्या पत्राचा, अर्ज करा. घर नैसर्गिक उंचवट्यावर असेल तर फेमा त्याची फी घेत नाही, सगळे कागद पोचल्यावर साधारण ६० दिवसांत उत्तर येतं. भराव टाकून उंच केलं असेल तर अर्ज वेगळा, त्याला फी असते आणि टाउनशिपची सही लागते.

जुनं एलिव्हेशन सर्टिफिकेट कोणाकडे पडलं असेल तर त्यावर उंची कुठल्या डेटमवर (जिथून उंची मोजतात ती शून्य पातळी) आहे ते बघा. पूर्वी १९२९ चा डेटम वापरत, आता १९८८ चा. जर्सीत दोघांत साधारण एक फुटाचा फरक पडतो आणि जुना आकडा मोठा दिसतो. तो तसाच नव्या नकाशाशी लावला तर घर फूटभर उंच वाटेल आणि अर्ज नाकारला जाईल.

नकाशाच चुकीचा वाटत असेल, म्हणजे ओढ्याच्या पातळीचं गणितच पटत नसेल, तर ९० दिवसांचा अपील काळ असतो. टाउनशिपमार्फत जावं लागतं आणि तांत्रिक पुरावा लागतो, "इतक्या वर्षांत पाणी आलं नाही" एवढ्यावर चालत नाही. शेजारी मिळून इंजिनिअर लावला तर खर्च वाटला जातो. आता टाउनशिपला फोन करून विचारा तो काळ सुरू झालाय का, संपला तर ती वाट बंद.

ह्यूस्टनची_वहिनी

मी एवढंच सांगेन की लोमा मिळाला तरी पॉलिसी सोडू नका. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा इथे बुडालेली किती तरी घरं एक्समध्ये होती, त्यातल्या बऱ्याच लोकांकडे पॉलिसी नव्हती कारण बँकेने मागितलीच नव्हती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने भिंतींचं फुगलेलं शीटरॉक चार फुटांवर कापून रस्त्यावर ढीग लावला होता, आणि तो सगळा खर्च खिशातून. एक्स म्हणजे सक्ती नाही, पाणी येणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एईचा अर्थसुद्धा दरवर्षी किमान एक टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांच्या कर्जात जवळपास २६ टक्के. हे कमी नाही हो.

पंचगंगा

विषय थोडा बाजूला जातोय, माफ करा. आमच्याकडे कोल्हापुरात निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटी. रेषा सरकली की बांधकाम परवानगीचा प्रश्न येतो, इन्शुरन्सचं कोणी बोलतच नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत आमच्या भागातल्या घरांचे विमे शोधून सापडले नसते. खरं तर इथे भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर धरलेलाच असतो, वेगळी घ्यावी लागत नाही. ज्यांचे आई-वडील सांगली-कोल्हापुरात नदीकाठी राहतात त्यांनी तिकडचंही बघा.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. सर्व्हेवाला, मागे उतारच आहे आणि बेसमेंट मागून उघडतं, डेकचे खांब तिथेच आहेत. म्हणजे खांबावरून सगळं ठरणार. पंचगंगा, बाबांचं घर मिरजेला आहे, आजच फोन करतो. बेसमेंट आणि विक्रीचं कोणी सांगेल का?

मीरा_एडिसन

बेसमेंट: एनएफआयपी त्यातली फरनेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल असल्या गोष्टींची भरपाई देते, पण फ्लोअरिंग, सोफा, पलंग नाही. पण त्यांच्या व्याख्येत बेसमेंट म्हणजे चारही बाजूंनी जमिनीखाली असलेलं. तुमचं मागून जमिनीच्या पातळीवर उघडत असेल तर ते कदाचित बेसमेंट धरलंच जाणार नाही, आई-बाबांच्या खोलीसाठी हा फार मोठा फरक आहे. एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या. सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख.

विक्री: मार्च २०२४ पासून जर्सीत विकणाऱ्याला फ्लड झोन आणि आधी पाणी आलं होतं का हे लिहून द्यावंच लागतं, त्यामुळे लपून राहणार नाही. भावाचं मी सांगू शकत नाही, पण घेणारा पहिला प्रश्न प्रीमियमचा विचारतो. एनएफआयपीची पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर करता येते, सवलतीसकट, त्यामुळे चालू पॉलिसी हातात असलेली बरी.

सर्व्हेवाला

आणि लोमा मिळाला तर तो काउंटीत रेकॉर्ड झाल्यासारखा कायमचा समजू नका. पुढचा नवीन नकाशा आला की जुने लोमा फेमा पुन्हा तपासते, काही कायम ठेवते, काही रद्द होतात. सर्व्हेअरला बोलावण्याआधी डेकच्या खांबांभोवतीची पानं-माती साफ करून ठेवा, त्याला खरी जमीन दिसायला हवी.