पावसाळ्यात गाडीवाटांवर पिकअप नेणं थांबवायचं का?

विंध्यवाट
आधी कबुली देतो. माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे, फोर बाय फोर, टपावर तंबू, मागे पाण्याची टाकी आणि बायकोच्या मते घरच्यापेक्षा चांगला फ्रिज. तरी म्हणतो, जुलै ते सप्टेंबर आपण इंदूरवाल्यांनी काळ्या मातीतल्या गाडीवाटांवर या गाड्या घालू नयेत.

मागच्या श्रावणात आम्ही तीन गाड्या घेऊन यशवंत सागरच्या पलीकडे, देपालपूरच्या बाजूला उतरलो. पहिला अर्धा किलोमीटर मजा आली. मग टायरची नक्षी चिखलाने बुजली आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकायला लागली. लो रेंज (कमी वेग, जास्त ताकदीचा गिअर) टाकला, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं) लावला. चारही चाकं फिरताहेत आणि गाडी खाली खाली जातेय! पोट टेकल्यावर थांबली. शेवटी एकाने ट्रॅक्टर आणून साखळीने ओढून काढलं (साखळी तुटली तर काच फोडून आत येते, तेव्हा आम्ही सगळे लांब उभे). पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, ‘भैया, आप तो निकल जाओगे, सोयाबीन हमको इसी रस्ते से निकालना है.’

ऑक्टोबरमध्ये मुद्दाम जाऊन पाहिलं. आमचे चर तसेच होते, हातभर खोल, वाळून दगड झालेले. चाकोरीबाहेर जातो म्हणून आपण मिरवतो, आणि तिथे आम्ही चाकोरीच कोरून आलो होतो.

डिझेलदास
भिया, ट्रॅक्टर-ट्रॉली काय हवेतून जाते? भरलेली ट्रॉली चार-पाच टनांची, टायर अरुंद, हवा ठासून भरलेली. माझी गाडी सामानासकट अडीच टन. चर कोण पाडतं, करा हिशेब. आणि तुमच्या टायरमध्ये हवा किती होती?

विंध्यवाट
३४ पीएसआय. कमी करायची राहिली, खरं आहे.

डिझेलदास
झालं! १८ वर आणायची, टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं. चूक तुमची आणि बंदी सगळ्यांना?

बेटम्याची शेती
डिझेलदासदादा, हिशेब अर्धाच केलात. जमिनीवर दाब साधारण टायरमधल्या हवेइतका पडतो. शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत १५ च्या आतबाहेर हवा असते, रुंदी तुमच्या टायरच्या दीडपट. ट्रॉलीचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ट्रॉली वाट खराब करतेच. म्हणूनच भर पावसात कोणी भरलेली ट्रॉली काढत नाही. पीक शेतात उभं असतं, नेणार काय? ट्रॉली निघते वाफसा आल्यावर, म्हणजे मातीतलं जास्तीचं पाणी उतरल्यावर. वाफसा नसताना काळ्या रानात बैलसुद्धा घालू नये, हे आमच्याकडे पोराटोरांना कळतं.

आणि हवा कमी करण्याची युक्ती रेतीत चालते, तिथे गाडी तरंगते. ही माती पाणी पिऊन फुगते, मग चिकटते. खाचा भरल्या की तुमचा महागडा मड टायर आणि माझ्या स्कूटीचा गुळगुळीत टायर, दोन्ही सारखेच. उन्हाळ्यात हीच माती अशी तडकते की भेगेत हात जातो.

गेल्या वर्षी अशाच एका वाळलेल्या चरात आमची ट्रॉली कलंडली. चर कोणाचा, देव जाणे. फुटलेल्या पोत्यांतली सोयाबीन संध्याकाळपर्यंत मातीतून वेचत होतो.

छप्पनवाला
पोहे खाता खाता वाचतोय. टपावर ५०-६० किलोंचा तंबू, त्यावर जेरीकॅन... वजन जितकं वर तितकी गाडी चरात जास्त झुकणार. टपाची मर्यादा गाडी उभी असताना वेगळी आणि चालताना वेगळी असते, हे तंबू विकणारा सांगत नाही. शिवाय २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सांगितलंय, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार चालणार नाहीत. गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावलेले गप्प का?

डिझेलदास
विषयांतर. जिरावन घाला आणि खा.

जुनी जीप
मी विंध्यवाटच्या विरोधात आहे, पण डिझेलदासच्या कारणांनी नाही. पावसाळा सोडला तर गाडी शिकायची कधी? जानेवारीत कोरड्या वाटेवर फोर बाय फोरचा लिव्हर ओढून काही कळत नाही. आणि माळवा म्हणजे नुसती काळी माती नव्हे. मानपूर, जानापाव, जाम दरवाजाच्या बाजूला विंध्याची कड आहे, मुरूम आणि काळा दगड. पाणी वाहून जातं, चर धरत नाही. तिथे चालवा की! सरसकट बंदी म्हणजे आळशी उपाय.

विंध्यवाट
मुरमाचं मान्य, काका. मी ‘काळ्या मातीतल्या’ असंच लिहिलंय, वर बघा. पण कडेला बरंच जंगल वनखात्याचं आहे, विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. आणि जुलैत तिथलं धुकं असं की दरी दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

अजून एक. ऑस्ट्रेलियात गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांना ओव्हरलँडर म्हणत, आपल्या हौसेचं नाव, ओव्हरलँडिंग, तिथलं. तिथे आजही जोराचा पाऊस झाला की मातीचे रस्ते बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गेलात तर जबर दंड. का? ओल्या मातीत चर पडले की सगळ्यांचा रस्ता जातो. आपण त्यांचे तंबू आणले, रुतलेली गाडी ओढायचे विंच आणले, हा नियम तेवढा बंदरावर राहिला.

डिझेलदास
तिथे सरकार बंद करतं. इथे तुम्ही कोण? बोर्ड लावा, मी जाणार नाही.

बेटम्याची शेती
बोर्ड कशाला? गावात शिरताना पहिल्या घरी गाडी थांबवा आणि विचारा, ‘वाट चालेल का?’ नाही म्हणाले तर चहा मिळेल.

डिझेलदास
ठीक, विचारीन. पण ऑगस्ट सोडणार नाही, सांगून ठेवतो. येत्या रविवारी जानापाव, मुरूम खरंच चर धरत नाही का ते बघतो. जुनी जीप, येताय? टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर आणा, माझा बंद पडलाय.

जुनी जीप
म्हणजे १८ वर आणून परत ३४ करणार कशाने होतास?

बेटम्याची शेती
या जाऊन. परतताना फक्त बेटम्याकडे वळू नका.