सर्कशीत काम केलेल्यांनी आठवणी लिहा

बहिरमच्या यात्रेत रोडगे-वांग्याची भाजी हाणली की आम्ही पोरं सर्कशीच्या तंबूमागं पळायचो. समोरचा खेळ तिकिटाचा, मागचा फुकट. झुल्यावरची बाई स्टोव्हवर पोळ्या लाटायची, जोकर लेकराला न्हाऊ घालायचा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली, हे सगळे सांगतात. खुंट ठोकणाऱ्यांचं, बँडवाल्यांचं फारसं कोणी विचारत नाही. आपल्या भागात ज्यांनी सर्कशीत काम केलं, त्यांनी लिहावं. चार ओळी आल्या तरी चालतील.

दर्यापूर

मी चार हंगाम खलाशी होतो. आपल्या काळ्या मातीत तंबू उभा करणं सोपं नाही बाप्पा! उन्हाळ्यात भेगा, पाणी पडलं की नुसतं लोणी. खुंट सरळ ठोकला की उपटलाच समजा. त्याचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं पाहिजे. चौघं गोल उभे राहून एकामागं एक घण घालायचो. एका रात्री खेळ सुटल्यावर अवकाळी आली. तागाचा दोर भिजला की आखडतो, अन् खुंटच उपसून काढतो. मुकादमानं सगळ्यांना उठवलं. घोटाभर चिखलात आम्ही एकेक दोर सैल करत फिरलो. एका कोपऱ्यातली गाठ फुगून दगड झाली होती, बोटांनी सुटेना. मी दातानं ओढली. पुढच्या दाताचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. सकाळी तंबू उभा होता. गावात कोणाला काही पत्ता नाही.

हिंगणघाट

मी नऊ वर्षं झुल्यावर होते. माझे गुरुजी केरळातल्या थलश्शेरीचे. कीलेरी कुन्हीकण्णन यांनी तिथं कसरतपटू घडवले, तेव्हापासून ही विद्या त्या गावात मुरलेली. गुरुजींनी आधी शिकवलं ते पडायला. जाळीत पायावर पडायचं नाही, पाठीवर पडायचं, हात छातीशी. पकडताना बोटांवर भरवसा नाही, मनगटात मनगट. तरी पुलगावला माझा डावा गुडघा जाळीच्या काठावर आपटला. दीड महिना खाटेवर काढला आणि कंपनीनं तेवढ्या दिवसांचा पगार कापला. त्याचा राग अजून आहे, लपवत नाही. पण मला झेलणाऱ्या दादांनी ते दीड महिने रोज जेवणाचं ताट माझ्या राहुटीत आणून दिलं. अजूनही नातवाला रस्ता ओलांडून नेताना मी त्याला मनगटालाच धरते.

वणी

माझ्याकडं सिंहाच्या पिंजऱ्याची साफसफाई होती. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद केले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम ठेवली. निर्णय बरोबरच होता. सिंहाला धड वळता येत नव्हतं, मी रोज बघत होतो. त्याला न्यायला गाडी आली, त्या दिवशीही मी रिकामा पिंजरा धुऊन काढला.

आरमोरी

मी ट्रम्पेट वाजवायचो. कोणी पडलं तर बँड थांबवायचा नाही, उलट चाल वाढवायची, तोवर जोकर आत धावतो, असा आमचा नियम. एकदा झुल्यावरची पोरगी पडली. मी डोळे मिटून वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी घरून निरोप आला म्हणून काम सोडलं, तिचं पुढं काय झालं ते कळलंच नाही. आमचा मुक्कामही पुलगावलाच होता. हिंगणघाटच्या ताई, तुम्ही पडलात ते साल कोणतं, तेवढं लिहा.